नळीत हवा धरली तेव्हा

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी, जालन्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, माझ्या शरीरातून मशिनकडे उतरणारं रक्त थांबलं. ११ वाजून ४४ मिनिटांनी ते पुन्हा नीट उतरू लागलं. या सहा मिनिटांत मी आष्टीच्या शिवारात कालव्याच्या एका चारीत, गुडघाभर पाण्यात उभा होतो.

पहिली दोन वाक्यं हॉस्पिटलच्या कागदावर आहेत. तिसरं फक्त माझं आहे. म्हणून जे झालं ते, झालं त्या क्रमाने लिहितो.

मी एकतीस वर्षं जिल्ह्याच्या एका दैनिकात काम केलं. आधी वार्ताहर, नंतर डेस्कवर. अमुक गावात झाडातून पाणी गळतं, तमुक घरात भांडी आपोआप पडतात — अशा बातम्या तालुक्यांवरून यायच्या. मी त्यांच्यावर तीन प्रश्न लिहून परत पाठवायचो. कोणी पाहिलं? किती वाजता? पाहणारा दुसरा कोण? तिन्हींची उत्तरं घेऊन परत आलेली एकही बातमी मला आठवत नाही. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, असं म्हणणंही बरोबर नाही... विश्वास ठेवायचा की नाही, असा विचार करण्याइतकाही वेळ मी त्यांना दिला नव्हता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माझा जन्म जालना शहरातला. वडील सरकीच्या गिरणीत होते. घरी शेती नव्हती, आजही नाही. परतूर तालुक्यातल्या आष्टीला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा निवडणुकीच्या बातमीसाठी, आणि दोन्ही वेळा बाजारपेठेतूनच परतलो. कालव्याचं पाणी पाइप टाकून शेतात कसं घेतात, हे मला ऑपरेशनच्या आधी माहीत नव्हतं.

बायपासच्या आदल्या दिवशी दुपारी एक मुलगी वॉर्डात आली. तिशीच्या आतली, सडपातळ, हातात फॉर्म. नाव प्रज्ञा. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशिन चालवणारी ती. तिने माझी उंची विचारली, वजन विचारलं. मी तिला विचारलं, "माझं रक्त ओढून घ्यायला मोटर असते का?"

"ओढायला नाही, सर. परत ढकलायला असते," ती म्हणाली. "तुमच्याकडून माझ्याकडे ते आपोआपच येतं. तुम्ही टेबलावर, वर. माझी टाकी खाली, फरशीजवळ. मधे नळी. उतार असला की येतं."

"म्हणजे हे वर आणि तुम्ही खाली," माझी बायको मंगल म्हणाली. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांना वर म्हणणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं."

प्रज्ञा हसली. मी नाही हसलो. मी विचारलं, "आणि नाही आलं तर?"

"मग मी परत काय पाठवणार?" ती म्हणाली. आणि लगेच, "येतं, सर. आणतोच आम्ही."

परत पाठवायचं म्हणजे मेंदूकडे, हे मला समजलं. मला मरणाची भीती वाटत नव्हती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्याहून जास्त भीती वेगळी होती. उठलो आणि शब्दच आठवले नाहीत तर? माझं सगळं आयुष्य त्यांच्यावर चाललेलं. त्या दुपारी मी मनातल्या मनात तालुक्यांची नावं म्हणत होतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, जालना. आठही आठवली. मग पुन्हा पहिल्यापासून.

प्रज्ञा कुठली, तिच्या घरी कोण, हे त्या भेटीत निघालं नाही. मंगललाही मी नंतर विचारलं. तिलाही तसं काही आठवत नाही.

सकाळी ८.५० ला मला टेबलावर घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हाताच्या शिरेत काहीतरी सोडलं आणि मला दहापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. मी सातपर्यंत गेलो.

नंतर बराच काळ काही नव्हतं.

मग उजेड होता. दिव्याचा नव्हे. पाण्यावरून उसळून वर येणारा, सकाळ संपता-संपताचा उजेड, ज्यात डोळे अर्धे मिटूनच ठेवावे लागतात. मी चारीत उभा होतो. सिमेंटचे तुकडे बसवलेली अरुंद चारी, एका बाजूचे दोन तुकडे खचलेले, तिथून गवत पाण्यात लोंबकळलेलं. पाणी संथ होतं, चहात दूध जरा जास्त पडावं तशा रंगाचं. ते माझ्या पायांना वळसा घालून पुढे जात होतं, आणि मला वाटत होतं की ते केव्हापासून जातंय, आणि मी केव्हापासून उभा आहे, आणि दोन्हींना काही घाई नाही. छातीत दुखत नव्हतं. छाती आहे, हेच लक्षात नव्हतं.

चारीच्या काठावरून एक काळा पाइप पलीकडे उतरत होता. खाली गव्हाचं रान. गहू पोटरीला आलेला, वाऱ्याने एका बाजूला कलायचा, मग दुसऱ्या. पाइपला एका ठिकाणी सायकलच्या लाल ट्यूबची पट्टी आवळलेली होती आणि तिच्यावर निळ्या कापडाची चिंधी, पांढऱ्या ठिपक्यांची.

पाइपाजवळ एक बाई होती. साठीची असेल. लुगड्यावरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, डोक्याला टॉवेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे असल्याचं तिला नवल वाटलं नाही.

"उभे काय राह्यले?" ती म्हणाली. "तोंड धरा पाइपाचं. हवा धरली त्यानं."

"मला येत नाही," मी म्हणालो.

"हात हायेत न्हवं? मंग येतंय. पाण्याखाली धरायचं. वर आलं की हवा घेतंय त्ये. बिलकुल हलवू नका."

मी वाकलो. पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरलं. पाणी कोपरापर्यंत आलं आणि इतकं गार होतं की हात दुसऱ्याचेच वाटायला लागले. बाईने काठावरचा पाइप खांद्यावर घेतला आणि ती उताराने निघाली. चार पावलं चालायची, थांबायची, बोटांच्या पेरांनी पाइपावर वाजवायची. टक टक. मग जरा थांबून — टक. कान लावायची. मग खांदा बदलायची, पुढचा भाग उचलायची, पुन्हा चार पावलं. हवा पाइपात कुठवर आली ते ती आवाजावरून ओळखत होती, हे मला कोणी न सांगता समजलं. तो आवाज पाण्यातून माझ्या तळहातांपर्यंत येत होता. ती दूर-दूर जात होती आणि आवाज मात्र तितकाच जवळ.

मग तळहातांना ओढ लागली. आतून कोणी हळूच हात धरावा तशी. पाणी जायला लागलं होतं.

इथे माझी चूक झाली. मला बघायचं होतं. खरंच जातंय का, ते डोळ्यांनी बघायचं होतं. मी तोंड जरासं वर उचललं. पाइपाने एक घोट हवा घेतली, आणि ओढ गेली.

"काहून उचललं?" बाई खालून ओरडली. "बघायची लई हौस का? पेपरात द्यायचंय काय?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं म्हनून हवा जाती का बाहीर? धरा पुन्ना! सोड म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई."

मी धरलं. ती पुन्हा वर आली, पुन्हा पाइप खांद्यावर घेतला, पुन्हा पहिल्यापासून. चार पावलं. टक टक. टक. मला वाटलं, मी इथे कितीही वेळ असाच वाकून राहीन. गव्हावरून वारा यायचा, पाण्यावर बारीक सुरकुती उठायची, माझ्यापर्यंत येऊन मोडायची. मी तालुक्यांची नावं म्हणून पाहिली. एकही आठवलं नाही, आणि त्याचं काही वाटलं नाही.

ओढ परत लागली. या वेळी जोरात. खाली कुठेतरी पाइपाने मोठी उचकी दिली आणि मातीत पाणी पडल्याचा आवाज आला. जड, सलग.

"लागलं," बाई म्हणाली. "सोडा आता."

मी सोडलं.

पुढचं आठवतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. घशात नळी, डोळ्यांवर पांढरं छत. नळी काढल्यावर मी पहिल्यांदा तालुके म्हटले. आठही आले. सिस्टर मंगलला म्हणाली, "काका बस कंडक्टर होते का?"

प्रज्ञा चौथ्या दिवशी वॉर्डात आली. तब्येत विचारली, निघाली. मी तिला थांबवलं आणि विचारलं, ऑपरेशन सुरळीत झालं का. सवयीचा प्रश्न होता. ती पलंगाजवळ आली.

"मधे थोडा वेळ गेला, सर. तुम्हाला सांगायला हरकत नाही, सरांनी मिसेसना सांगितलंय." सर म्हणजे सर्जन.

तिने जे सांगितलं, ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. मागच्या बाजूची रक्तवाहिनी जोडायला सर्जननी हृदय उचललं. त्यात उजव्या कप्प्यात बसवलेल्या नळीचं तोंड कललं आणि तिने हवा घेतली. हवा नळीच्या वरच्या वळणात अडकली. उतार तुटला. टाकीतली पातळी घसरू लागली. प्रज्ञाने पंप हळू केला, कारण टाकी रिकामी होऊन चालणार नव्हतं. रक्त कमी पडलं की एरवी टाकीला व्हॅक्यूम लावून ओढ वाढवता येते. पण तोंडाशीच हवा शिरत असेल तर व्हॅक्यूम आणखी हवा ओढतो. तिने टेबल वर घ्यायला सांगितलं. सहायक डॉक्टरने तोंड पुन्हा बसवून धरलं, आणि प्रज्ञा नळी हाताने टप्प्याटप्प्याने उचलत हवा टाकीकडे नेऊ लागली. ११.४१ ला रक्त आलं. ११.४२ ला तोंड पुन्हा हललं, पुन्हा हवा. सगळं परत पहिल्यापासून. ११.४४ ला प्रवाह पूर्ववत.

मी विचारलं, "नळी उचलताना तू वाजवतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"असं का?" मी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर पेरं वाजवली. टक टक. थांबून, टक.

ती शेजारच्या स्टुलावर बसली.

तिने सांगितलं, नळी पारदर्शक असते. हवा कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं, वाजवायची गरजच नसते. थिएटरमधले तिला त्यावरून चिडवतात — मॅडम कलिंगड घेतायत म्हणतात. ती सवय तिच्या आईची. आई आष्टीच्या शिवारात दीड एकर करते. चारीला पाणी आलं की पाइप टाकते. काळ्या पाइपात हवा दिसत नाही, म्हणून वाजवते. प्रज्ञा शाळेत असताना पाइपाचं तोंड धरायचं काम तिचं होतं.

मग मी तिला चारी सांगितली. खचलेले दोन तुकडे, लाल ट्यूब, निळी चिंधी. ती म्हणाली, लाल ट्यूब तिला माहीत आहे. चिंधी माहीत नाही. दिवाळीनंतर ती गावी गेली नव्हती.

भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मी डिस्चार्जच्या दिवशी बोललो. ते म्हणाले, औषधांच्या अंमलात माणसं काहीही पाहतात. कान सगळ्यात शेवटी बंद होतात, कधी पुरते होतही नाहीत. वाजवल्याचा आवाज आणि आजूबाजूचं बोलणं आत पोहोचलं असेल. मला ते पटलं. चिंधीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "तेवढं मला विचारू नका."

दहा आठवड्यांनी, प्रवासाची परवानगी मिळाल्यावर, मी, मंगल आणि प्रज्ञा आष्टीला गेलो. मी प्रज्ञाकडून एक कबूल करून घेतलं होतं. आईला माझ्या स्वप्नाबद्दल किंवा त्या सहा मिनिटांबद्दल काही सांगायचं नाही. तिने शब्द पाळला, असं ती म्हणते, आणि मी ते धरून चालतो. आईला तिने एवढंच कळवलं होतं की एक पेशंट भेटायला येतायत, तिखट कमी टाक.

घर रस्त्याच्या कडेला, पत्र्याचं, पुढे सारवलेली ओसरी. प्रज्ञा पुढे गेली. "आई, सर आले."

तिची आई, गयाबाई, बाहेर आल्या. डोक्याला टॉवेल नव्हता, शर्ट नव्हता, धुतलेलं नेसल्या होत्या. मी त्यांना ओळखलं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"जयभीम. या. त्या दिशी पानी न पिताच गेल्ते तुम्ही."

"जयभीम," मी म्हणालो.

मंगलने विचारलं, "कोणत्या दिवशी, ताई?"

"पानी आल्तं चारीला तवा. माघाच्या पाळीला. पैलाच दिस व्हता. पाइपानं हवा धरली, मी एकलीच. ह्ये उभे व्हते चारीत. मी म्हनलं धरा, त्यान्ला येईना काही." त्या माझ्याकडे वळल्या. "मधीच उचललं तुम्ही. पुन्ना सारं करावं लागलं मला."

"आई, नीट आठव," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हेच होते? का दुसरं कोणी?"

"म्हातारी झाले म्हून आंधळी झाले का गं? चष्मा लावून नळ्या बघती तू, मी न्हाई." आणि मला, "पानी लागलं, म्या हाक मारली, या पानी प्या, तं तुम्ही कुठंच न्हाई. म्हनलं काय मानूस म्हनावं."

त्यांनी तांब्या आणला. मी प्यायलो.

नंतर आम्ही रानात गेलो. गहू निघून गेला होता, चारी कोरडी होती. एका बाजूचे दोन तुकडे खचलेले. पाइप बाभळीखाली गुंडाळून ठेवलेला. लाल ट्यूबची पट्टी, तिच्यावर निळी चिंधी, पांढरे ठिपके. ती कधी बांधली, असं मी विचारलं. गयाबाई म्हणाल्या, पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी, सांजच्याला. जुन्या झंपरची.

मी पाटकऱ्याला गाठलं. चारीला पाणी सोडण्याची तारीख त्याच्याकडे होती. माझ्या ऑपरेशनचा मंगळवार. गयाबाईंच्या रानाची पाणी घ्यायची वेळ सकाळी दहा ते दुपारी एक.

शेजारचं रान नामदेवरावांचं. ते सत्तरीचे आहेत, त्या सकाळी बांधावर होते. मी त्यांना माझ्याबद्दल काही न सांगता विचारलं, त्या दिवशी गयाबाईंबरोबर कोणी होतं का.

"व्हता की एक जन. पाइपापाशी वाकेल."

"कसा होता?"

"तोंड न्हाई दिसलं. पाठ दिसली." ते हसले. "हिरवा सदरा व्हता अंगात, अन् मागून उघडा. बंद लावेल न्हवते. म्या म्हनलं, बाईचा पाव्हना असा कसा."

मंगलने मान खाली घातली.

"मग गेला कुठे?"

"त्ये न्हाई पाह्यलं बराबर. रस्त्याच्या पुलावरून यष्टीची गाडी चालली व्हती, पावनेबाराची, परतूरची. म्या तिकडं पाह्यलं. पुन्ना इकडं पाह्यलं तं बाई एकलीच."

परतताना आम्ही परतूरच्या बसस्टँडवर थांबलो. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाने वेळ लागेल म्हणून सांगितलं, आम्ही बाकावर बसलो. पाऊण तासाने त्याने वही पाहून उत्तर दिलं. त्या मंगळवारी ती गाडी रद्द नव्हती. पुलावरून तिची जायची वेळ ११.४५. ती वेळेवर होती.